उष्णतेचा उतार : विहिरीच्या पाण्यापासून पत्र्याच्या छपरापर्यंत

दरवर्षी पौषातल्या थंडीत आमच्या वसतिगृहात एक प्रश्न हमखास विचारला जातो. पहाटे विहिरीवर अंघोळीला गेलेली मुले पहिली बादली अंगावर घेतात आणि थबकतात. हवा बोचरी असते, दगडी फरशी पायांना चावत असते, लोखंडी कठड्याला हात लावणे नकोसे वाटते; पाणी मात्र कोमट, आणि त्यावरून वाफ निघताना दिसते. मग पाचवीत नव्याने दाखल झालेला एखादा मुलगा विज्ञानाच्या तासाला हात वर करतो : "सर, रात्री विहिरीखाली जाळ कोण करतं?" वर्गात हशा पिकतो. त्या हशात आम्ही सामील होत नाही, कारण प्रश्न अगदी योग्य असतो. तोच मुलगा मे महिन्यात त्याच विहिरीचे पाणी पिऊन "किती गार आहे!" म्हणतो, तेव्हा तो प्रश्न पुरा होतो. एकच पाणी हिवाळ्यात उष्ण आणि उन्हाळ्यात शीत कसे?

या एका प्रश्नाचे बोट धरून उष्णतेविषयी थोडे मूलभूत विवेचन करावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे विवेचन केवळ परीक्षेपुरते नाही. आपल्या घराचे छप्पर, शेतातील पीक आणि उन्हात राबणाऱ्या माणसाचा जीव यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणून माजी विद्यार्थी आणि पालक यांनीही ते सवडीने वाचावे, अशी आमची विनंती आहे.

हाताची साक्ष आणि तापमापीची साक्ष

प्रथम एक जुना, बिनखर्चाचा प्रयोग. तीन पातेली घ्यावीत. एकात गार पाणी, दुसऱ्यात सोसेल इतके गरम पाणी आणि मधल्यात कोमट पाणी ठेवावे. एक हात गार पाण्यात व दुसरा गरम पाण्यात दोन मिनिटे बुडवून ठेवावा आणि नंतर दोन्ही हात एकदम मधल्या पातेल्यात घालावेत. पाणी एकच; पण एक हात ते गरम असल्याचे सांगतो, दुसरा गार असल्याचे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९० च्या आपल्या ग्रंथात हेच निरीक्षण नोंदवले होते.

यावरून हात खोटे बोलतात असे मात्र समजू नये. हात खरेच सांगतात. आपण त्यांना विचारतो एक आणि ते उत्तर देतात दुसऱ्याच प्रश्नाचे. आपण विचारतो, "पाण्याचे तापमान किती?" हात सांगतो, "माझ्यातून उष्णता बाहेर जात आहे की आत येत आहे, आणि किती वेगाने?" गार पाण्यातून आलेल्या हातात उष्णता आत येते, म्हणून पाणी गरम. गरम पाण्यातून आलेल्या हातातून ती बाहेर जाते, म्हणून पाणी गार.

याच न्यायाने पहाटेचा लोखंडी कठडा आणि शेजारचा लाकडी बाक यांचा विचार करावा. रात्रभर एकाच हवेत असलेल्या या दोन वस्तूंना तापमापी लावली, तर ती एकच आकडा दाखवते. तरीही लोखंड अधिक गार लागते, कारण ते उष्णतेचे सुवाहक आहे. लाकडाच्या शेकडो पट वेगाने ते हातातील उष्णता वाहून नेते. लाकूड दुर्वाहक आहे. त्याच्या स्पर्श केलेल्या भागापुरती ऊब साचते आणि ओघ मंदावतो. शरीराला तापमान कळत नाही, उष्णतेचा ओघ कळतो, हे सूत्र वाचकांनी ध्यानी ठेवावे. पुढील सारे विवेचन या सूत्राभोवती फिरणार आहे.

प्रवणता म्हणजे काय?

उष्णता नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, हे शाळेत प्रत्येकाने पाठ केलेले असते. पण ती किती वेगाने वाहील, हे कशावर अवलंबून असते? येथे पाण्याचा दृष्टान्त उपयोगी पडतो. पाणी उंचावरून सखल भागाकडे वाहते हे खरे; परंतु शंभर मीटरची उंची एका कड्यावरून उतरायची आहे की दहा कोसांच्या पठारावरून, यावर त्याचा वेग ठरतो. नुसता उंचीतील फरक पुरेसा नसून तो किती अंतरात विभागला आहे, हेही पाहावे लागते. तापमानाचेही तसेच आहे. तापमानातील फरकाला अंतराने भागले असता जे मिळते, त्याला तापमान-प्रवणता म्हणतात. साध्या भाषेत, तो उष्णतेचा उतार होय. फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये यांनी १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा नियम पायाभूत मानून उष्णतावहनाचे सविस्तर गणित मांडले. पदार्थातून वाहणारी उष्णता त्या पदार्थाच्या वाहकतेच्या आणि तापमान-प्रवणतेच्या प्रमाणात असते.

आजीच्या गोधडीवर हा नियम पडताळून पाहू. अंगाकडील बाजू ३४ अंश, बाहेरील बाजू १४ अंश आणि गोधडीची जाडी दोन सेंटिमीटर धरली, तर प्रवणता प्रत्येक सेंटिमीटरला दहा अंश झाली. तीच गोधडी दुहेरी केली, तर वीस अंशांचा तोच फरक चार सेंटिमीटरमध्ये विभागला जातो. प्रवणता पाच अंशांवर येते आणि अंगातून जाणारी उष्णता सुमारे निम्मी होते. गोधडी स्वतः ऊब निर्माण करत नाही. जुन्या लुगड्यांच्या थरांत अडकवलेल्या स्थिर हवेच्या साहाय्याने ती फक्त उतार सौम्य करते.

उतार फार तीव्र झाला तर काय होते, याचे उदाहरणही स्वयंपाकघरातच सापडते. जाड बुडाच्या काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की तो तडकतो. उकळत्या चहाचे तापमान काचेला सहज सोसते. काच तर भट्टीतच घडलेली असते. तडा जातो तो आतील पृष्ठभाग तापून प्रसरण पावतो आणि बाहेरील पृष्ठभाग अजून थंडच असतो म्हणून. या ओढाताणीत काच फुटते. पेला आधी कोमट पाण्याने विसळून घेतला तर तो वाचतो, कारण उतार कमी झालेला असतो.

जमिनीच्या पोटातील ऋतू

आता विहिरीकडे वळू. दिवसा सूर्य जमिनीचा पृष्ठभाग तापवतो, रात्री तो निवतो. तापण्या-निवण्याची ही लाट मातीतून खाली सरकू लागते. पण माती दुर्वाहक असल्यामुळे प्रत्येक वितीगणिक ती क्षीण होत जाते. अर्ध्या मीटरच्या खाली दिवस आणि रात्र यांतील फरक जवळजवळ नाहीसा होतो. उन्हाळा-हिवाळ्याची वार्षिक लाट अधिक संथ, म्हणून अधिक खोल जाते. लाटेची खोली तिच्या कालावधीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. वर्ष हे दिवसाच्या ३६५ पट मोठे आणि ३६५ चे वर्गमूळ सुमारे १९. म्हणून वार्षिक लाट दैनिक लाटेच्या सुमारे एकोणीस पट खोल पोहोचते. आठ-दहा मीटरच्या पलीकडे तीही विरून जाते. तेथे जमिनीचे तापमान बाराही महिने जवळपास सारखेच, म्हणजे त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास राहते. आपल्या पठारी भागात ते सुमारे २५-२६ अंश असते.

खोल विहिरीचे पाणी या स्थिर थरांतून पाझरलेले असते. जानेवारीच्या पहाटे हवा दहा अंशांवर असताना पंचवीस अंशांचे पाणी कोमट लागते. मे महिन्याच्या दुपारी हवा बेचाळीस अंशांवर असताना तेच पाणी गार लागते. विहीर बदललेली नाही. बदलला आहे तो आपल्या त्वचेचा मुक्काम. पाचवीतल्या मुलाला आम्ही सांगतो की, विहिरीखाली कोणी जाळ करत नाही. जमिनीने वर्षभराच्या उन्हाची सरासरी सांभाळून ठेवली आहे.

यात आणखी एक मौज आहे. लाट खाली जाताना क्षीण होते, तशी ती उशिराही पोहोचते. मातीच्या प्रकारानुसार सहा-सात मीटर खोलीवर हा उशीर सुमारे सहा महिन्यांचा होतो. म्हणजे वर हिवाळा असतो, तेव्हा तेथे, अगदी मंद स्वरूपात का होईना, उन्हाळा नुकताच पोहोचलेला असतो.

आपल्या पूर्वजांनी हे गणित मांडले नसेल. पण त्याचा उपयोग निश्चितच केला. मराठवाड्यातील माळवदाची घरे आठवा. जाड मातीच्या भिंती आणि लाकडी सरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेले धाबे. दुपारचे ऊन त्या थरातून खाली झिरपेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर वरचा पृष्ठभाग निवू लागलेला असतो. अजिंठ्याची लेणी कठीण काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत. उन्हाळ्यात बाहेरच्या पायवाटेवर पाय भाजत असताना विहारात शिरताच गारवा जाणवतो, तो याच कारणाने. डोंगराच्या जाडीत दिवसाची लाट विरून जाते.

डोंगर, दव आणि द्राक्षे

जमिनीखालून आता आकाशाकडे पाहू. हवेत वर जावे तसे तापमान सरासरीने दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी उतरते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. म्हणजे केवळ उंचीमुळे तेथे जवळपास नऊ अंशांचा फरक पडतो. "सर, डोंगर सूर्याच्या जवळ असतो, मग तेथे थंडी कशी?" हाही वर्गातील एक ठरलेला प्रश्न. सूर्य पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे. त्या हिशेबात दीड किलोमीटरची जवळीक कोणत्याच मोजमापात येत नाही. हवा मुख्यतः तापलेल्या जमिनीकडून तापते. वर जाताना दाब कमी झाल्यामुळे ती प्रसरण पावते आणि प्रसरणात तिची उष्णता खर्ची पडते. डोंगरावरची थंडी ही या प्रसरणाची देणगी आहे.

परंतु हिवाळ्यातील निरभ्र, निवांत रात्री हा क्रम उलटतो. जमीन आपली उष्णता प्रारणाने उघड्या आकाशाकडे सोडून देते आणि झपाट्याने निवते. तिला लागून असलेला हवेचा थर सर्वांत थंड होतो, आणि त्याच्या वरची हवा तुलनेने उबदार राहते. भूगोलात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. थंड हवा जड असल्याने ती पाण्यासारखी उतारावरून ओघळून खोलगट भागात साठते. हिवाळ्याच्या सकाळी गावावर धुराचा पट्टा आडवा तरंगताना दिसतो, तो या विपरीततेची खूण होय. ढगाळ रात्री असे होत नाही. ढग जमिनीच्या प्रारणाचा मोठा भाग परत पाठवतात, म्हणून ती रात्र उबदार जाते.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याची वार्ता बहुतेक हिवाळ्यांत येते. त्याच पहाटे वेधशाळेचा पारा मात्र शून्याच्या पुष्कळ वर असतो. यात विसंगती नाही. वेधशाळेची तापमापी जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच, झडपांच्या पेटीत ठेवलेली असते. दव मात्र उघड्या आकाशाखाली, गवताच्या पात्यावर आणि मोटारीच्या टपावर असते. तेवढ्या अंतरात कित्येक अंशांचा उतार सामावलेला असतो.

नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात हा उतार शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांवर उठतो. पारा पाच अंशांच्या आसपास घसरला की द्राक्षमण्यांची फुगवण थांबते, मण्यांना तडे जाण्याची भीती निर्माण होते. तेव्हा बागायतदार पहाटेपूर्वी बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, धूर करतात आणि ठिबकने विहिरीचे पाणी सोडतात. ते पाणी पंचवीस अंशांच्या आसपासचे असते, हे आपण वर पाहिलेच. जमिनीने साठवलेली सरासरी शेतकरी अशा रीतीने उसनी घेतो. आमच्या वसतिगृहातील मुलाला जी बादली सुख देते, तीच द्राक्षवेलीला आधार देते.

वारा हाही उताराचाच

जमीन आणि पाणी यांच्या तापण्याचा वेग सारखा नाही. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवण्यास एक कॅलरी लागते. दगड-मातीला तिचा साधारण पाचवा हिस्सा पुरतो. शिवाय समुद्राचे पाणी ढवळले जाते आणि ऊन त्यात खोलवर शिरते. म्हणून दुपारी कोकणपट्टीची जमीन तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि उतार फिरतो. मग मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. मच्छीमारांची पारंपरिक शिडाची होडी पहाटे मतलईवर निघत असे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतत असे. मार्च महिन्यात मुंबईत खारे वारे सुरू होण्यास दुपारी उशीर झाला, की त्या दिवशी पारा एकाएकी चढतो, हा मुंबईकरांच्या नित्याच्या अनुभवातील भाग आहे.

याच खेळाचे विराट रूप म्हणजे आपला मोसमी पाऊस. उन्हाळ्यात आशियाचा भूभाग हिंदी महासागरापेक्षा अधिक तापतो आणि वारे समुद्राकडून जमिनीकडे वळतात, अशी उपपत्ती एडमंड हॅली यांनी १६८६ साली मांडली. पृथ्वीचे परिवलन, तिबेटचे पठार आणि बाष्पाच्या सांद्रीभवनातून मुक्त होणारी उष्णता यांची त्यात पुढे भर पडली. परंतु जमीन आणि समुद्र यांतील तापमानाचा उतार हा त्या उपपत्तीचा गाभा आजही टिकून आहे.

शरीराचा उतार जेव्हा उलटतो

आता या विवेचनाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. मानवी शरीराच्या गाभ्याचे तापमान सुमारे ३७ अंश असते आणि त्वचेचे साधारण ३३ ते ३५ अंश. स्वस्थ बसलेले शरीरही जुन्या शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत निर्माण करत असते; खोदकाम किंवा हमाली करताना ती कित्येक पटींनी वाढते. ही उष्णता बाहेर गेलीच पाहिजे. हवा पंचवीस अंशांवर असते तेव्हा गाभ्याकडून त्वचेकडे आणि त्वचेकडून हवेकडे उतार असतो. उष्णता आपोआप निघून जाते आणि आपल्याला त्याची जाणीवही होत नाही.

हवा पस्तीस अंशांवर आली की हा उतार सपाट होतो. विदर्भात मे महिन्यात ती पंचेचाळीस अंशांवर जाते, तेव्हा उतार उलटतो. उष्णता आता हवेकडून शरीराकडे वाहू लागते. या अवस्थेत शरीराजवळ एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घामाचे त्वचेवर बाष्पीभवन होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अप्रकट उष्म्याच्या रूपाने निघून जाते. माठातील पाणी ज्या युक्तीने गार होते, त्याच युक्तीने माणूस जगतो. म्हणूनच उन्हात राबणाऱ्याला पाणी आणि मीठ मिळणे ही चैन नसून गरज आहे.

ही युक्तीही एका उतारावरच चालते, तो म्हणजे त्वचेवरील आणि हवेतील बाष्पाचा उतार. हवा कोरडी असेल तर घाम झरझर उडतो. हवा बाष्पाने भरलेली असेल तर तो अंगावरून नुसता ओघळतो. ओघळलेल्या घामाने शरीर निवत नाही. नागपुरात कुलर आणि वाळ्याचे पडदे उपयोगी पडतात, मुंबईत त्यांचा उपयोग होत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे; त्यामागील कारण हेच. दमट हवेतील ३८ अंश हे कोरड्या हवेतील ४२ अंशांहून अधिक घातक ठरू शकतात, ते यामुळे.

उष्माघातात शरीराची ही व्यवस्था कोलमडते. बोलणे असंबद्ध होणे, तोल जाणे, भ्रम, बेशुद्धी आणि अतिशय तापलेले अंग ही त्याची लक्षणे आहेत. अशा व्यक्तीला तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून जोरात वारा घालावा, मान, काखा आणि जांघा येथे ओली गार फडकी ठेवावीत आणि विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ओले अंग आणि वारा यांतून आपण उलटलेला उतार पुन्हा सुलटा करत असतो.

पत्र्याखालील माणूस

भारतीय हवामान विभाग मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असेल आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक वाढलेले असेल, तर उष्णतेची लाट मानतो. हा आकडा सावलीतला, हवेशीर पेटीतला असतो. परंतु आपल्यापैकी कितीजण त्या पेटीत राहतात? वर्तमानपत्रात ४३ अंश छापले जातात, त्या दुपारी उघड्या पत्र्याचे छप्पर साठ अंशांच्याही वर तापलेले असते. पत्रा पातळ आणि सुवाहक. त्यात लाट विरण्यास जागाच नाही. वरचे ऊन क्षणात खालच्या बाजूस पोहोचते आणि छप्पर प्रारणाने डोक्यावर उष्णता ओतू लागते. त्या खोलीत तान्हे मूल असते, अंथरुणाला खिळलेली म्हातारी असते, दहावीचा अभ्यास करणारी मुलगी असते. आमच्याकडे येणाऱ्या अनेक मुलांची घरे अशीच आहेत, आणि ज्यांनी आज सिमेंटची घरे बांधली आहेत, त्यांचेही बालपण बहुधा पत्र्याखालीच गेले आहे. एकाच गावात, एकाच दुपारी, उष्णता सर्वांना सारखी मिळत नाही. कोणाच्या डोक्यावर कोणते छप्पर आहे, यावर ती ठरते.

सिमेंटच्या घरालाही स्वतःची अडचण आहे. स्लॅब जाड असल्याने दुपारची लाट त्यातून काही तासांनी खाली येते, म्हणजे नेमकी झोपेच्या वेळी. पत्रा सूर्यास्तानंतर लवकर निवतो. स्लॅब रात्र तापवतो. म्हणून पत्र्याच्या घरात दुपार कशी टाळावी आणि स्लॅबच्या घरात रात्र कशी निभावावी, याचा स्वतंत्र विचार केला पाहिजे.

उपाय फार खर्चिक नाहीत. पहिला उपाय ऊन आत शिरण्यापूर्वीच परतवण्याचा. छपरावर चुन्याचा अथवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात दिल्यास उन्हाचा मोठा भाग परत जातो. २०१० च्या तीव्र लाटेनंतर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा तयार केला आणि पुढे तेथे वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचाही उपक्रम झाला. दुसरा उपाय उतार सौम्य करण्याचा. पत्र्याखाली एक-दीड वीत अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत करावे आणि मधल्या पोकळीला दोन्ही बाजूंनी झरोके ठेवावेत, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. आजीच्या गोधडीचेच हे तत्त्व. कित्येक ठिकाणी पत्र्यावर तुराट्या अथवा कडबा पसरतात. त्याने सावली मिळते, परंतु आगीचा धोका असल्याने चुलीचे घर जवळ असेल तर ते टाळावे. तिसरा उपाय वेळेचा. सकाळी नऊनंतर खिडक्या व दारे झाकावीत आणि सूर्यास्तानंतर सताड उघडावीत. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असेल तेव्हाच तिला घरात घेणे, एवढेच यातले शास्त्र. चौथा उपाय पश्चिमेच्या भिंतीलगत लावलेल्या झाडाचा. तो सावकाश फळतो, पण पिढ्यानुपिढ्या टिकतो. आणि हवा चाळीस अंशांपलीकडे असेल तेव्हा केवळ पंख्यावर विसंबू नये. अंग ओल्या फडक्याने पुसून मग वारा घ्यावा.

एक स्वाध्याय

लेखाच्या शेवटी, शिक्षकांच्या सवयीप्रमाणे, आम्ही एक स्वाध्याय देतो. प्रयोगशाळेतील साध्या तीन तापमापी घ्याव्यात. ताप पाहण्याची तापमापी चालणार नाही. ती ३५ ते ४२ अंशांपुरतीच असते. एक बाहेर सावलीत, दुसरी घरात छपराखाली उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आणि तिसरी नुकत्याच शेंदलेल्या विहिरीच्या किंवा हातपंपाच्या पाण्यात धरावी. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सायंकाळी सहा आणि रात्री दहा अशा पाच वेळा, एप्रिल-मे महिन्यातील एक आठवडाभर नोंदी कराव्यात आणि आलेखकागदावर तीन रेषा काढाव्यात. पाण्याची रेषा जवळपास सपाट येईल, सावलीची डोंगरासारखी चढेल-उतरेल. छपराची रेषा कशी येईल, ते मात्र आपल्या घरावर अवलंबून आहे. ती रेषा सावलीच्या किती वर जाते आणि किती वाजता जाते, हे पाहून वरीलपैकी एखादा उपाय करावा आणि पुन्हा आठवडाभर मोजावे. कोणी सांगितले म्हणून मानू नये. स्वतः मोजून, पडताळून मगच मानावे.

माजी विद्यार्थ्यांनी आपले आलेख शाळेच्या प्रयोगशाळेकडे अवश्य पाठवावेत. भिंतीवर आम्ही जागा राखून ठेवली आहे. पुढच्या हिवाळ्यात पाचवीतला नवा मुलगा विहिरीखालच्या जाळाविषयी विचारील, तेव्हा त्याला तोंडी उत्तर देण्याऐवजी आम्ही त्या भिंतीजवळ नेऊ आणि सपाट रेषेवर बोट ठेवण्यास सांगू.